विहिरीच्या काठावरचे मूल

महोदय,

कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगितले की, विहिरीत पडू पाहणारे मूल दिसताच कोणाच्याही काळजात चर्र होते, आणि ते त्याच्या आईबापांची मर्जी संपादण्यासाठी किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शाबासकीसाठी नव्हे. मात्र हा कळवळा म्हणजे चांगुलपणाचा केवळ अंकुर असून त्याची निगा राखावी लागते, हे त्याचे पुढचे म्हणणे आपण सोयीस्करपणे विसरतो. (त्याच परंपरेतील नंतरचा विचारवंत शुन्झी तर माणसाचा स्वभाव मुळात वाईटच मानतो, तरी संस्कारांची गरज दोघांनाही मान्य आहे.) रावेर-यावल भागात केळीच्या बागांलगत कठडा नसलेल्या जुन्या विहिरी आजही गवतात दडलेल्या दिसतात. दुर्घटनेनंतर हळहळणारे आपण आधी काही करत नाही. ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी अशा विहिरींची यादी करून त्यांना कठडे बांधून घ्यावेत, ही विनंती.

– एक वाचक, यावल (जि. जळगाव)