देणगीदाराची नोंद एकाच वहीत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागातली वाचनालये, शिक्षणसंस्था, कडोली-उचगाव-येळ्ळूरसारख्या गावांतली साहित्य संमेलने भरवणारी मंडळे यांच्या बैठकीत ‘आपली वेबसाइट करूया’ हा विषय आता वरचेवर निघतो. रंग, फोटो आणि पदाधिकाऱ्यांच्या नावांचा क्रम यावर तासभर बोलणे होते. साइटवरून आलेली देणगी कुठल्या वहीत चढणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

वर्डप्रेससारख्या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीकडे पाने, बातम्या आणि लॉगिन असतात. माणसे, वर्गण्या, पावत्या, कार्यक्रमांची नोंदणी हे सिव्हीसीआरएमसारख्या सॉफ्टवेअरचे काम. ते मुक्त परवान्याचे आहे आणि वर्डप्रेस, ड्रुपल किंवा जूमला यांच्या आत बसते, पण माहितीची स्वतःची टेबले वेगळी ठेवते. ‘हा लॉगिन म्हणजे ही व्यक्ती’ एवढेच सांगणारे एक छोटे टेबल दोघांना बांधते. म्हणून बॅकअप दोन्हींचा एकाच वेळचा हवा. एकाचा कालचा आणि दुसऱ्याचा महिन्यापूर्वीचा चढवला, की एकाच्या लॉगिनमागे भलत्याचीच वर्गणी दिसू शकते.

देणगीचा अर्ज भरला की नोंद आधी ‘प्रलंबित’ पडते. पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) साइटच्या एका ठरावीक पत्त्यावर धाडतो; तो पोचल्यावर नोंद पूर्ण होते आणि पावती निघते. सुरक्षा प्लगइनने निरोप अडवला, किंवा साइटचे नाव बदलले आणि गेटवेवर जुनाच पत्ता राहिला, तर पैसे बँकेत, नोंद प्रलंबित आणि देणगीदाराचा फोन खजिनदाराला! अर्जाचे पान कॅशमधूनही (पानांची साठवलेली प्रत दाखवण्याच्या सोयीतून) वगळावे. स्मरणपत्रे आणि सामूहिक ईमेल यांसाठी होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवली आहे त्या सेवेच्या) पॅनेलमधून क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणारे काम, लावावा लागतो. तो नसेल तर ईमेल ‘नियोजित’ दिसतो आणि तिथेच बसून राहतो. चाचणीसाठी साइटची प्रत काढली तर तिचे ईमेल आधी बंद करावेत, नाहीतर प्रतही खऱ्या सभासदांना पत्रे पाठवू लागते.

आपल्याकडची मोठी डोकेदुखी नावांची. साइटवरून अर्ज आला की सिव्हीसीआरएम मूळ नियमाप्रमाणे फक्त ईमेल जुळतो का ते पाहते. घरात ईमेल असतो एकट्या मुलाचा. त्यावरून वडिलांची आजीव वर्गणी भरली, की मुलाच्या नोंदीवर वडिलांचे नाव चढते आणि मुलगा यादीतून गायब. यावर उपाय असा की ईमेलला १०, नावाला ५, आडनावाला ५ गुण द्यावेत आणि मर्यादा २० ठेवावी. तिन्ही जुळले तरच माणूस तोच. याने दुबार नोंदी वाढतील, पण त्या नंतर जोडता येतात. पुसलेले नाव परत आणणे कठीण.

त्यात एकच माणूस पावती पुस्तकात मराठीत, पॅनवर इंग्रजीत आणि घरपट्टीवर कन्नडमध्ये. मुख्य रकान्यात पॅनप्रमाणे रोमन नाव आणि निमंत्रणासाठी देवनागरीचा वेगळा रकाना, हे सोयीचे पडते. देवनागरीतही फसगत आहेच. ‘कऱ्हाडे’मधला अर्धा र दोन तऱ्हेने टंकता येतो, डोळ्यांना एकच, संगणकाला दोन, त्यामुळे शोधात निम्मे कऱ्हाडे निसटू शकतात. गावाचेही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले, पण याद्यांत तिन्ही लिप्या आणि दोन्ही नावे नांदतात. शहराच्या नावाने याद्या काढू नयेत, पिनकोडने काढाव्यात.

जुनी यादी एक्सेलमधून आणताना ९१ जोडलेले बारा आकडी मोबाइल नंबर ‘९.१९ई+११’ असे आखडतात. तशीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) साठवली की शेवटचे आकडे कायमचे गेले. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करावा आणि फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवावी. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हे होतात.

हिशेबाच्या बाजूने दोन रकाने सक्तीचे. देणगीदाराला आयकराच्या ८०जी कलमाची सवलत देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासूनच्या देणग्यांचे विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरण्याचे बंधन आले, उशिराला दिवसाला २०० रुपये. त्यासाठी देणगीदाराचा पॅन किंवा आधार अर्जातच घ्यावा, मे महिन्यात फोन करत बसू नये. दुसरा रकाना नागरिकत्वाचा. आखातातला भारतीय पासपोर्टधारक बेळगावकर आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ती विदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड का असेना. एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती रक्कम घेता येत नाही. नुसता ‘देश’ विचारून हा फरक कळत नाही.

साइटचे काम देताना डोमेन (साइटचे नाव), होस्टिंग आणि गेटवेचे खाते संस्थेच्या नावावर घ्यावे, आणि त्यांचे पासवर्ड चिटणीस व खजिनदार दोघांकडे असावेत. निवडणूक होऊन कमिटी बदलली की ते त्याच आठवड्यात बदलावेत.

– संस्थांच्या संगणकीकरणाचे काम करणारे काही कार्यकर्ते, बेळगाव