काय दिसलं ते लिहून तरी घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उडत्या तबकड्यांवरचं कालच्या अंकातलं टिपण वाचून वाईट वाटलं. लोकांना भास होतात, एवढं म्हणून आपण मोकळे झालात. अमेरिकी हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळात अशा १२,६१८ नोंदी तपासल्या. बहुतेक तारे, फुगे, विमानं निघाली, तरी ७०१ उलगडल्या नाहीत. हे आकडे आपण का गाळले?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मी केळीच्या बागेत ठिबकचा फिल्टर धूत होतो. सालदार ओरडला, "आप्पा, वर देखा!" सातपुड्याच्या अंगाने पेटते निखारे एकामागे एक, एकाच वेगाने पूर्वेकडे निघाले होते. आवाज अजिबात नाही. खिशात खताची पावती होती, तिच्या पाठीवर वेळ आणि दिशा लिहिली. तुकडे सातपर्यंत मोजले, पुढे गणती चुकली.

दुसऱ्या दिवशी ती पावती घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. साहेबांनी हातातही घेतली नाही. "पाडव्याची जास्त झाली का आप्पा?" म्हणाले. सगळी खोली हसली. मी माळकरी माणूस आहे, संपादकसाहेब. सालदार शेजारीच उभा होता.

पाडव्याच्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं आकाशातून पडलं होतं. चिनी रॉकेटचे अवशेष, असं जाणकारांनी सांगितलं. माणसांवर पडलं असतं तर?

परग्रहावरून कोणी आलं, असं मी म्हणत नाही. लडाखमध्ये २०१२-१३ साली आपल्या जवानांना रात्री अनोळखी दिवे दिसत होते. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाहिलं, तर ते शुक्र आणि गुरू निघाले. जवानांनी नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून तर उलगडा झाला. मग शेतकऱ्याची नोंद का नको? १९६६ साली मिशिगनमधल्या लोकांना दिसलेले दिवे म्हणजे दलदलीतला वायू असावा, असं हवाई दलाचे सल्लागार हायनेक म्हणाले, तेव्हा तिथली माणसं खवळली. त्यांचे खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. आमच्यासाठी कोणी चकार शब्द काढला नाही.

आणि रात्री आम्ही शिवारात हौसेने बसत नाही. थ्री फेज लाइट पुष्कळदा रात्रीच येते, म्हणून बिबट्याच्या भीतीतही मोटार चालू करायला जावं लागतं. यावर मागे दोन पत्रं पाठवली, एकही छापलं नाहीत.

यापुढे काही दिसलं तर आमच्यासारख्यांनी ते कुठे कळवायचं, तेवढा पत्ता विचारून अंकात छापा. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ पावती माझ्याकडेच आहे.

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी
ता. चोपडा, जि. जळगाव