गुरुजी, अम्माच्या सत्काराबद्दल मनापासून आभार

आदरणीय गुरुजींस,
सादर नमस्कार.

१२ जानेवारीला तुम्ही माझ्या आईचा, अम्माचा, सत्कार केलात. त्या कार्यक्रमानंतर ती तुमचे आभार मानायला स्वतः आली होती, पण तुम्ही तिला बोलूच दिलं नाहीत. "अक्का, हे फार आधी व्हायला हवं होतं," एवढंच म्हणालात आणि चहाचा कप पुढे केलात. म्हणून तिच्या वतीनं मी लिहिते आहे. आपल्या कुंभारीच्या घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या या वसाहतीत, हे पत्र सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून ते उघड लिहिते आहे.

सोलापुरात सत्कार काही कमी होत नाहीत. शाल, श्रीफळ, हार, फोटो. त्यातल्या कित्येक कार्यक्रमांत सत्कारमूर्ती मंचाच्या कडेला बसलेली असते, पाहुण्यांची भाषणं तासभर चालतात आणि तिच्याबद्दल 'थोर समाजसेविका' एवढे दोन शब्द बोलले जातात. तिनं नेमकं काय केलं, हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. माझ्या आईच्या वाट्याला असं आलं नाही, आणि ते केवळ तुमच्यामुळे.

तुम्ही महिनाभर आधी आमच्या दारात आलात तेव्हा अम्मा नेहमीसारखी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. खुर्ची दिली तर तुम्ही पायरीवरच बसलात. तिचे हात थांबले नाहीत आणि तुम्हीही ते थांबवले नाहीत. साच्यावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मोडायचं. संध्याकाळपर्यंत पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये द्यायचे होते. हजारामागे मजुरी मिळते, तेव्हा बोलण्यात वेळ घालवणं विडी कामगार बाईला परवडत नाही, हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. तुम्ही एक प्रश्न विचारायचात, ती वळता वळता उत्तर द्यायची, तुम्ही वहीत लिहायचात. मध्येच ती तेलुगूत बोलायला लागली की तुम्हीही तेलुगूत विचारायचात. महापालिकेच्या शाळेत पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पोरांना शिकवण्यात तुमची हयात गेली, त्यामुळे आमच्या घरातली भाषा तुमच्या कानाला परकी नव्हती.

आणि तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. अम्मानं ज्या आजारी बायकांना सोबत करून सिव्हिलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नेलं होतं त्यांच्या घरीही तुम्ही गेलात. हे मला नंतर शेजारच्या अक्कांकडून कळलं.

म्हणूनच कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही मानपत्रात जे वाचून दाखवलंत त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ही बाई सकाळी लवकर उठून अर्ध्या विड्या वळून ठेवते आणि कुणाची तरी सोबत करायला बसनं सिव्हिलला जाते. केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, रक्त तपासायला कुठं जायचं, ब्लड बँकेत काय विचारतात, हे तिला तोंडपाठ आहे. तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स असतात, स्वतःच्या नव्हे, गल्लीतल्या घराघरांच्या, कारण महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी ऐन वेळी कागद नसला की माणूस अडतो. डॉक्टरांनी "कुठं दुखतंय?" विचारलं की ती म्हातारीच्या कानाशी वाकून "नोप्पि एक्कड?" म्हणते आणि उत्तर मराठीत डॉक्टरांना सांगते. अक्कलकोटकडच्या, कलबुर्गीकडच्या बायका भेटल्या तर मोडक्यातोडक्या कन्नडमध्येही निभावून नेते. घाबरलेल्या माणसाला आपल्या भाषेत कुणी विचारणारं भेटलं की त्याचं अर्धं दुखणं हलकं होतं, असं तुम्ही म्हणालात. अम्मा ते वाक्य अजून घरी बोलून दाखवते.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळते, तिचे अर्ज ती बायकांकडून भरून घेते, ओळखपत्राच्या नोंदी तपासायला लावते, हेही तुम्ही सांगितलंत. मी स्वतः त्या शिष्यवृत्तीवर शिकले. तरी आईनं आणखी किती पोरींना ती मिळवून दिली, हे मला त्या सभेत पहिल्यांदा कळलं. मी पहिल्या रांगेत बसून रडत होते, ते तुम्ही पाहिलंत.

गुरुजी, तारीख १२ जानेवारीच का धरलीत तेही तुम्ही सांगितलंत आणि मला ते फार पटलं. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या आपल्या सोलापूरच्या चौघांना इंग्रजांनी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. चार समाजांतली चार माणसं, एका गावासाठी गेली. चौकातल्या त्यांच्या पुतळ्यांपुढून आपण रोज जातो. गावानं त्यांची आठवण राखली, तशी आज आपल्या गल्लीत राबणाऱ्यांचीही नोंद राखावी, असा तुमचा विचार. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, धामधुमीत माणसं येणार नाहीत, असं काहीजण म्हणत होते. पण हॉल भरून बायका बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या.

त्या दिवशी ज्या जॉबर काकांचा, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या काकांचा, सत्कार झाला त्यांच्याविषयीही लिहायला हवं. जकार्डच्या मागावर आयुष्य गेलं, कान जवळजवळ गेले, तरी बंद पडलेला माग नुसता हात ठेवून कुठं अडलाय ते ओळखतात आणि शिकायला येणाऱ्या पोरांकडून पैसा घेत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही म्हणून तुम्ही मानपत्र आधीच मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या हातात दिलंत. ते बोट ठेवून वाचत होते आणि सगळा हॉल त्यांचं वाचून होईपर्यंत थांबला. असं जपणं मी दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात पाहिलेलं नाही. आणि सगळ्यांना शालीऐवजी इथल्याच मागावरची चादर दिलीत, हेही फार योग्य केलंत.

त्यानंतर काय घडलं ते तुम्हाला कळावं. मागच्या गल्लीतल्या दोन मुली, एक नर्सिंगला आहे, अम्माकडे येऊन म्हणाल्या की आठवड्यातला एकेक दिवस आम्ही जातो, तुम्ही फक्त शिकवा. गेल्या मंगळवारी त्यातली एक एका आजारी मावशींना घेऊन एकटी जाऊन आली. अम्मानं त्या दिवशी पूर्ण हजार विड्या वळल्या. आणि माझे बाबा, ज्यांना तिचं हे हिंडणं कधी मनापासून आवडलं नव्हतं, त्यांनी मानपत्राला काच बसवून आणली.

पुढच्या वर्षासाठी दोन नावं मनात आहेत: आपल्या भागात पाणी सोडणारे मामा, जे रात्री-अपरात्री पाणी येणार असलं तर दार वाजवून म्हाताऱ्या माणसांना उठवतात, आणि बालवाडीच्या मदतनीस बाई. त्यांची माहिती मी तुमच्यासारखीच घरोघर जाऊन विचारून लिहीन. तुमची वही आता जीर्ण झाली आहे. ती मला द्याल तर सगळ्या नोंदी टाइप करून एक प्रत घरकुलाच्या वाचनालयात ठेवू. येत्या रविवारी सकाळी मी वही घ्यायला येते. अम्मासुद्धा येणार आहे, आणि या खेपेला तिला बोलू द्या.

आपली विद्यार्थिनीसमान,
अम्माची थोरली मुलगी
विडी घरकुल, कुंभारी, सोलापूर