ऑपरेशनचं अजून नक्की नाही, घाबरू नका

आई, बाबा, सा. न.

हिनं फोनवर ऑपरेशनचं सांगून टाकलं आणि आई तू त्या रात्री जेवली नाहीस हे कळलं, म्हणून लिहूनच पाठवतोय, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. हार्टचं काही नाही. तेच जुनं, झोपेत श्वास अडकतो ते, तासाला 34 वेळा.

मास्कचं मशीन तुम्ही बघितलंय, मागच्या गणपतीला खानापूरला आणलेलं. नळी बघून पिंट्या "काका गणपती झाला" म्हणून गल्लीभर ओरडत फिरला. आणि रात्री दोनला करंट गेला, पाऊस तर आपल्याकडचा माहितीच आहे, मशीन बंद, मी गुदमरून उठलो तर बाबा टॉर्च घेऊन दारात. मशीन काम चोख करतं, पण नाकावर वळ, तोंड कोरडं, आणि पहाटे झोपेतच मी ते काढून फेकतो.

तर इथं ओहायोत डॉक्टर म्हणाले इम्प्लांटचा विचार करा. उजव्या कॉलरबोनखाली पेसमेकरसारखी डबी, तिची वायर हनुवटीखाली जिभेच्या नसेला. झोपताना रिमोटनं चालू करायचं, मग श्वास घेताना नसेला हलका करंट जातो, जीभ पुढं सरकते, घसा मोकळा. आई, बाबा घोरता घोरता एकदम गप्प झाले की तू कोपरानं ढोसायचीस बघ, तेच काम, फक्त आतून.

अमेरिकेत याला 2014 पासून परवानगी आहे. 126 जणांच्या स्टडीत वर्षभरानं तासाचा आकडा साधारण 29 वरून 9 वर आला, पण तिघांतल्या एकाला म्हणावा तसा फायदा झाला नाही, आणि तो तिसरा मीच निघालो तर? बॅटरी साधारण 11 वर्षं. मी आता 46, म्हणजे 57 ला परत चिरा, 68 ला परत. बसवल्यावर लगेच चालूही करत नाहीत, महिनाभर थांबायचं, मग सेटिंगच्या चकरा. खानापूरला महिनाभर राहायला आलो आणि तेव्हाच डबी रुसली तर कुणाकडं जाऊ, हा विचार डोक्यातनं जात नाही.

आधी गुंगी देऊन घशात दुर्बीण घालून बघतात. टाळू चारी बाजूंनी आवळत असेल तर हे इम्प्लांट चालतच नाही, विषय संपला. ती तपासणी पुढच्या महिन्यात करतोय. तोवर नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मागवलाय, दोन महिने प्रामाणिकपणे लावणार. खरं सांगू, सकाळी वाटतं करून टाकावं, आणि रात्री वाटतं नुसत्या मास्कच्या कंटाळ्यापायी अंगाला चिरा कशाला.

आता बाबा, तुमचं. घोरणं म्हणजे गाढ झोप हे सांगणं बंद करा की ओ. दुपारी तरुण भारत तोंडावर घेऊन मान टाकता, आणि बीपीच्या तीन गोळ्या घेऊनही बीपी खाली येत नाही, त्यामागं हेच असू शकतं. बेळगावला जाऊन स्लीप टेस्ट करून घ्या, एका रात्रीचं काम आहे. पैशाचं बघतो मी.

आणि आई, ते रात्री गप्प झाले की आधी मोबाईलवर थोडं रेकॉर्ड कर, डॉक्टरला दाखवायला. मग ढोस.

तुमचा,
बाळू