केनियाच्या टूरआधी यलो फीव्हरच्या लसीचं कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत केनियातल्या मसाई मारा अभयारण्यावरचा लेख वाचला, फोटो तर एक नंबर, आणि त्याच पानावर खाली सफारीच्या जाहिराती पण होत्या. पण ना लेखात ना जाहिरातीत, यलो फीव्हर या डासांमुळे पसरणाऱ्या तापाच्या लसीचं कुठेच नाव नाही.

गंमत अशी आहे की इथून थेट नैरोबीला जाणाऱ्याला केनिया ही लस घेतल्याचं सर्टिफिकेट मागत नाही, मागतो तो आपलाच देश, परत येताना. केनियासारख्या हा आजार असलेल्या देशांतून निघून सहा दिवसांच्या आत लसीशिवाय इथे उतरलात तर एअरपोर्टवरूनच क्वारंटाइन, तेही सहा दिवसांपर्यंत. सर्टिफिकेट लागू होतं टोचल्यापासून दहा दिवसांनी, त्यामुळे निघायच्या दोन दिवस आधी टोचून घेतली तर जंगलात फिरताना अंगात संरक्षणच तयार झालेलं नसतं.

आमच्या साडूभाऊंच्या ग्रुपला टूरवाल्याने हे सांगितलं कधी, तर पूर्ण पैसे भरून झाल्यावर, व्हॉट्सअॅपवर एका ओळीत. मग धावाधाव. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्याच सेंटरवर मिळते, तिथेही वार ठरलेले असतात कारण एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि बाटली एकदा उघडली की सहा तासांत संपवावी लागते, त्यामुळे माणसं जमवूनच टोचतात. सांगलीहून मुंबईला जाऊन अपॉइंटमेंट नाही म्हणून परत आलेली माणसं आहेत ही.

काही जण म्हणतात हे सगळं कागदी घोडे आहेत. मला नाही पटत. २०१६ साली अंगोलात साथ आली तेव्हा तिथे काम करणाऱ्या चिनी लोकांपैकी ११ जण हा ताप घेऊन चीनला परतले, आशियात असं पहिल्यांदाच झालं होतं. हा ताप पसरवणारा एडिस डास तोच जो आपल्याकडे डेंग्यू पसरवतो, आणि तो आपल्या कुंड्यांत, टायरमध्ये, गच्चीवरच्या टाकीत किती आहे हे दर पावसाळ्यात दिसतंच. डास आहे, फक्त व्हायरस अजून आलेला नाही. त्यामुळे एअरपोर्टवरची कडक तपासणी मला तरी योग्य वाटते.

पण खरी काळजी वेगळीच आहे. या टूरला जाणारे निम्मेअधिक लोक रिटायर्ड असतात. ही लस जिवंत पण कमजोर केलेल्या व्हायरसची आहे, बहुतेकांना काही होत नाही, पण साठीनंतर गंभीर रिअॅक्शनचा धोका, फार क्वचित असला तरी, तरुणांपेक्षा जास्त असतो. अंड्याची जोरदार अॅलर्जी, केमो चालू असलेले, संधिवातासाठी स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट घेणारे, थायमसचा (छातीतल्या एका ग्रंथीचा) आजार असलेले अशांना तर बहुधा नाहीच देत. बरं, डॉक्टरांनी लस नको म्हणून पत्र दिलं तरी परत येताना आपल्याकडे ते चालत नाही, क्वारंटाइन ठरलेलंच. म्हणजे ज्याला लस चालणारच नाही त्याला हे अॅडव्हान्स भरायच्या आधी कळायला हवं ना? हत्ती आणि सिंहच बघायचे असतील तर दक्षिण आफ्रिकेत क्रूगरला जाता येईल, तो देश यलो फीव्हर असलेल्या देशांच्या यादीत नाही, फक्त तिकीट अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर तिथे विमान बदलण्याचं (ट्रान्झिटचं) काय ते आधी विचारून घ्या.

अजून एक, जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, लसीच्या सर्टिफिकेटच्या जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षं लिहिलेलं असलं तरी. तरीही काही एजंट लोकांना पुन्हा टोचायला पाठवतात. पुस्तिका मात्र जपून ठेवा आणि त्यावरचं नाव, पासपोर्ट नंबर तिथेच तपासून घ्या.

आपल्याला विनंती एवढीच, पुढच्या वेळी आफ्रिकेवर लेख छापाल तेव्हा बाजूला एक चौकट द्या, महाराष्ट्रात आणि गोव्यात लस कुठे मिळते, कुठल्या वारी, अपॉइंटमेंट कशी घ्यायची. आणि जाहिरात विभागाला सांगून टूरवाल्यांना एक ओळ टाकायला लावता आली तर फारच बरं होईल, किमतीखाली 'अटी लागू' छापायला त्यांना जागा मिळतेच की.

आपला एक नियमित वाचक,
सांगली