मु. पो. आल्काला दे एनारेस, स्पेन, तासिका तत्त्वावर

१७ मे

ती. आई व बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तारीख वर घातलीय, मायनाही चुकलेला नाही, तेव्हा तिथले गुण कापू नका. पत्र लिहितेय कारण फोनवर हे बोलणं जमेना. आई व्हिडिओ कॉलवर कोपऱ्यातला स्वतःचाच चेहरा बघत बसते, आणि तुम्हाला न आवडणारा विषय निघाला की तुमच्याकडे लगेच 'आवाज तुटतोय'. दोनदा सांगायला घेतलं, दोन्ही वेळा आवाज नेमका तिथंच तुटला. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून द्यायला सांगितलंय. एक डोळा झाकून वाचू नका, आईकडून वाचून घ्या.

सांगूनच टाकते. मी जूनमध्ये कायमची परत येत नाहीये. पुढच्या वर्षासाठीही माझं नाव आलंय, शाळा हीच, आणि मी हो कळवलंय. आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, पुढचं वाच. ४ जुलैचं तिकीट काढलंय. जुलै आणि ऑगस्ट तर मी घरी आहेच. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी असतानाच करायचं, त्यानंतरचे थेंब मीच घालणार. सप्टेंबरच्या शेवटी जाईन म्हणत होते, पण तो विषय आत्ता नको.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे. 'नोकरी कायम आहे का?' नाही. हसू आलं तर हसा, पण मी साता समुद्रापलीकडे येऊनही तासिका तत्त्वावरच आहे. आठवड्याचे १६ तास, महिन्याला १००० युरो. ह्याला पगारसुद्धा म्हणत नाहीत, 'बेका' म्हणतात, म्हणजे शिष्यवृत्ती. व्हिसाही विद्यार्थ्याचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत छदाम नाही. वर्गाच्या बाई वेगळ्या, मी त्यांची मदतनीस. हजेरी माझ्याकडे नाही, गुण माझ्याकडे नाहीत, इतक्या महिन्यांत एक पेपर तपासलेला नाही. पोरांशी दिवसभर इंग्रजीत बोलायचं, एवढंच काम. इकडे माद्रिदच्या बाजूला २००४पासून सरकारी शाळांतून विज्ञानसुद्धा इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे परवा मी चौथीला बेडकाचं जीवनचक्र शिकवत होते. पोरं मला नावाने हाक मारतात, अगं-तुगं करतात. पहिल्या दिवशी मला धस्स झालं. तुम्ही असता तर छडी शोधली असती.

पण एक गंमत ऐका. इथल्या पोरांना 'स्कूल' म्हणता येत नाही. 'एस्कूल' म्हणतात. 'स्पेन'चं 'एस्पेन', 'स्टॉप'चं 'एस्टॉप'. त्यांच्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीला स-ला जोडून अक्षर आलं की आधी 'ए' लागतोच. शाळेला ते एस्क्वेला म्हणतात आणि स्टेशनला एस्तासिओन. मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला थेट तुमचा पाचवी ब चा वर्ग दिसला. 'इस्कूल', 'इस्टेशन', आणि मागच्या बाकावरून तो 'इस्टँडअप!' तुम्ही काय करायचात? आधी नुसता साप. सगळ्या वर्गाने दातांवर जीभ टेकवून स्स्स्स करायचं, तुमचं बोट वर असेपर्यंत. बोट खाली आलं की 'कूल'. मग साप लहान लहान करत न्यायचा. मी तेच केलं. बोट वर, पंचवीस पोरं स्स्स्स, बोट खाली, कूल. तिसऱ्या दिवशी एकीला जमलं तर तिने बाकावर चढून वर्गाला म्हणून दाखवलं. वर्गाच्या बाई मला विचारत होत्या, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात? मी म्हटलं, वाईला. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आता त्या गुगलवर शोधत असतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एवढं चांगलं शिकवतेस तर एखादी शाळा तुला कायम का ठेवून घेत नाही? बाबा, इथली सरकारी शिक्षकाची जागा परीक्षा देऊन मिळते, आपल्या एमपीएससीसारखीच लोक वर्षानुवर्षं देत असतात. पण तिला बसायलाच स्पेनचं नाहीतर युरोपियन युनियनमधलं नागरिकत्व लागतं. म्हणजे त्या रांगेत मला उभंच राहता येत नाही. राहिले खासगी क्लास, इथे त्यांना अकादमी म्हणतात. मार्चमध्ये मी चार ठिकाणी जाऊन आले. दोन ठिकाणी दारावरच पाटी, 'नातिवो' पाहिजे, म्हणजे इंग्रजी ज्याची मातृभाषा तो. तिसरीकडच्या बाई माझ्याशी दहा मिनिटं छान बोलल्या, मग विचारलं कुठली, आणि इंडिया ऐकल्यावर म्हणाल्या, अरे वा, पण बोलता किती छान! त्यांना कौतुकच करायचं होतं, म्हणून मीही हसले. रस्त्यावर आल्यावर चिडले. एम. ए. झालेय, सेट झालेय, वीस वर्षं तुमच्या हाताखाली काढलीत, आणि 'पण'!

चौथे गृहस्थ सरळ होते. म्हणाले, मला तुम्ही हव्या आहात, पण कागद? युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला कामाचं परमिट काढून द्यायचं तर इथे त्या कामाला माणूस मिळत नाही असं मालकाला आधी दाखवावं लागतं. इंग्रजी शिकवायला माणूस मिळत नाही असं कोण मानेल? आयर्लंडचे लोक विनापरवाना येऊन शिकवतात. इंग्लंडचेही यायचे. पण २०२१च्या जानेवारीपासून, ब्रेक्झिट अंमलात आल्यावर, ते आमच्याच रांगेत आलेत. ज्यांची भाषा, तेही हातात फाईल घेऊन आमच्या मागे उभे. हे तुम्हाला सांगताना मला जरा बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

तर मग तिथे राहतेस कशाला, असं आई म्हणत असेल. कारण तिकडे तरी काय होतं? सहा वर्षं त्या कॉलेजात काढली. दर जूनला नव्याने मुलाखत, तीच तीन माणसं, तेच प्रश्न, मार्चमध्ये 'मॅडम, या आता'. मानधन कधी सात महिन्यांनी, कधी वर्षाने, एकदम. आणि कायम व्हायचं तर आतल्या खोलीत सांगितलेला तो आकडा. मी त्या दिवशी घरी येऊन काही बोलले नाही, पण तुम्ही दोघं रात्री माजघरात कुजबुजत होता ते मला ऐकू आलं होतं. खालचं वावर विकायचं म्हणत होता. बाबा, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सातबाऱ्याची फाईल काढून पुसून ठेवलीत, तीही मी पाहिली. नानांनी ते वावर कसं राखलं हे मला तुम्हीच सांगितलंय. मला नोकरी लागावी म्हणून ते गेलं असतं तर रोज हजेरीच्या वहीवर सही करताना मला त्या वावरातली विहीर दिसली असती. मी त्याच आठवड्यात इथला अर्ज भरला. तुम्हाला तेव्हा वाटलं पोरीला परदेशाचं खूळ लागलंय. तसं समजलात तेच बरं, म्हणून मीही खोडून काढलं नाही. तुमचं चुकलं असं म्हणत नाहीये. कुठल्याही बापाने तेच केलं असतं. फक्त माझ्यासाठी नको.

पुढच्या वर्षी स्पॅनिशची बी-टू पातळीची परीक्षा द्यायची, थोडे पैसे साठवायचे आणि इथल्या विद्यापीठात मास्टर्सला अर्ज करायचा, एवढं ठरवलंय. बाबा, हे विद्यापीठ १४९९ साली स्थापन झालेलं आहे. आणि हे 'दोन किहोते' कादंबरी लिहिणाऱ्या सर्व्हांतेसचं गाव, १५४७ साली त्याचं बारसं इथल्याच चर्चात झालं. त्याच्या घरापुढच्या बाकावर त्या कादंबरीतल्या किहोते आणि सांचो यांचे पुतळे बसलेत, येणारा-जाणारा मध्ये बसून फोटो काढतो. माझाही आहे, दादाकडे पाठवलाय.

आई, आता तुझं. मी जेवते. माळेचं काही मोडलेलं नाही. हॉटेलात मात्र जपावं लागतं, भाजीचं सॅलड मागवलं तर वर टुना मासा येतो, आणि मांस नको म्हटलं की हॅम चालेल का विचारतात, जणू हॅम झाडाला लागतो. म्हणून घरीच करते. इथे मसूर जागोजागी मिळते, त्याची आमटी तुझ्यासारखी नाही पण आमटीसारखी होते. तूरडाळ, पोहे आणि हिंग आणायला महिन्यातून एकदा रेल्वेने माद्रिदला जाते, तिथे लावापिएस म्हणून भाग आहे, बांगलादेशी दुकानं आहेत. गोडा मसाला तू दिलेला अजून अर्धा डबा आहे, चमच्याने नाही, चिमटीने वापरते. आणि घरात सिलिंडर आहे गं! नारिंगी, साडेबारा किलोचा. गाडी येते, माणूस खांद्यावर घेऊन जिना चढतो. पहिल्यांदा तो दारात आला तेव्हा मला तुझी हाक ऐकू आल्यासारखं झालं, 'आधी वजन करून घे!'

घरमालकीण आजी तुझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, एकट्याच असतात. मला 'इखा' म्हणतात, म्हणजे पोरी. थंडीत टेबलाखाली हीटर ठेवून वरून जाड चादर सोडतात आणि पाय आत घालून आम्ही दोघी टीव्ही बघतो. जानेवारीत मला ताप आला होता तेव्हा त्यांनीच सूप करून दिलं. हो, ताप आला होता. दोन दिवस. सांगितलं नाही. विमा आहे, डॉक्टरकडे गेले, पैसे पडले नाहीत, संपलं. आता रागावू नकोस, तूही फेब्रुवारीत पडलीस ते मला दादाकडूनच कळलं.

समोरच्या चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावर करकोच्यांचं घरटं आहे, ह्या गावात जिकडे बघावं तिकडे करकोचे. पिल्लं मोठी झालीत, दिवसभर चोची वाजवत असतात, लहानपणी मी परसात लाकडी चमचे वाजवायचे अगदी तसं. तू आतून ओरडायचीस. रात्री साडेनऊपर्यंत इथे उजेड असतो. त्या उजेडात खिडकीत बसलं की घरी पाणी तापवायची वेळ झाली असं उगाच वाटतं. तेव्हा तुमच्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो, म्हणून फोन करत नाही.

आता दोघांनी ऐका.

आई, वारीला यंदा चालायचं नाही. लोणंदला दादा गाडीने नेईल, माउलीच्या पालखीचं दर्शन घ्यायचं आणि त्याच गाडीत परत. फलटणपर्यंत जाते म्हणशील, नाही. गुडघ्यांचे फोटो मी पाहिलेत. (इथेही लोक सांतियागोला शेकडो किलोमीटर चालत जातात. आमच्या आजींनी ६८व्या वर्षी शेवटचे १०० किलोमीटर केले होते. हे तुला सांगायला नको होतं.) बीपीची गोळी सकाळी, चहाआधी, आठवण झाली की नाही. माळ्यावर चढायचं नाही. स्टूल मी दादाला उचलून न्यायला सांगितलंय, तेव्हा शोधू नकोस.

बाबा, अंधार पडल्यावर स्कूटर बंद. आजपासून, ऑपरेशनपर्यंत. 'मला दिसतं' हे तुम्ही नानांच्या वेळेसही म्हणाला होतात. साखर तपासायची आणि आकडा मला खरा सांगायचा, खाडाखोड केलेला नको. मेपर्यंत थांबलात तसे जुलैपर्यंतच थांबा, पण डॉक्टरांना आत्ता दाखवून तारीख घेऊन ठेवा. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचा जमाना गेला, दादाला विचारा.

आणि माझं स्थळांचं जे काही चाललंय ते जुलैपर्यंत थांबवा. नाही म्हणत नाहीये. पण मुलगी 'परदेशात प्राध्यापक' असं आत्याने सांगत फिरू नये. मी मदतनीस आहे, तासांवर. ज्याला ते ऐकून यायचंय त्याने यावं.

माझ्या खोलीतलं कपाट रिकामं करू नका. फोन नेहमीसारखाच, तुमचे रात्रीचे नऊ, माझे साडेपाच.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, सातबाऱ्याची फाईल आईच्या साड्यांच्या कपाटात ठेवा. आई, किल्ली तुझ्याकडे.