सूचना : गच्चीवरील सोलर व वीजजोडणी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १०.३० वाजता तळमजल्यावरील पार्किंगमध्ये विशेष सर्वसाधारण सभा आहे.

"सोलर बसवतोच आहोत, तर मीटरच काढून टाका" अशी काहींची मागणी आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार मागेल त्याला वीज देण्याचे बंधन कंपनीवर आहे. ग्राहकाने ती घेतलीच पाहिजे असे ते कलम म्हणत नाही. पण हिशेब बघा. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते, दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. जुलैत विचारूच नका! लिफ्ट आणि पंप रात्रीही चालतात, म्हणजे बॅटऱ्या आल्या, त्या बदलण्याचा खर्चही आला. म्हणून समितीचा प्रस्ताव : जोडणी कायम, सामाईक मीटरला नेट मीटरिंग (सोलरची जास्तीची वीज कंपनीला देऊन ती बिलातून वजा करणे).

• पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, मात्र ग्रिडला जोडलेल्या सोलरलाच.
• बॅटरीविना सोलर लाइट गेल्यावर बंद पडते, लाइनवरच्या कामगाराला शॉक बसू नये म्हणून. जनरेटर राहणारच.
• गच्चीवरील कुंड्या, जुने सामान शनिवारपर्यंत हलवा. मोजणी आहे.

लेखी आक्षेप शुक्रवारपर्यंत ऑफिसात द्यावेत.

– सचिव